नको असलेला मिशनरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीनं परदेशी मिशन बोर्डाकडं डॉक्टर मागितला होता. तो गोरा असावा असं अर्जात कुणी लिहिलं नव्हतं, पण गोराच येणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. मिशनच्या आवारात देऊळ, म्हणजे आमचं चर्च, होतं, शाळा होती, कुलूप लागलेला दवाखाना होता आणि शेवटच्या मडमसाहेब मायदेशी गेल्यापासून रिकामा पडलेला बंगला होता. आमचं गाव श्रीरामपूरपासून एसटीनं दीड-दोन तासांवर, कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही त्या अंगाला. माझे वडील तिथले पाळक, म्हणजे पाद्री. मी नगरला बी.ए. करून मिशनच्या शाळेत शिकवत होते आणि माझं लग्न ठरलेलं होतं.

एकाहत्तरच्या नाताळानंतर बोर्डानं कळवलं की डॉक्टर मिळत नाही, पण एक मिशनरी येतो आहे. आमच्या मंडळीचे मुख्य पंच म्हणजे मिशन बोर्डिंगचे निवृत्त सुपरिटेंडंट. सगळं आवार त्यांना सर म्हणे. सर म्हणाले, "डॉक्टर नाही तर नाही. साहेब आला की त्याच्या मागं गहू येतो, दूध-पावडर येते, औषधं येतात. मग डॉक्टरही येईल."

श्रीरामपूर स्टेशनवर आम्ही बँड घेऊन गेलो. झेंडूचा हार सरांच्या हातात होता. इंग्रजी बोलायला हवं म्हणून मला पुढं उभं केलं होतं. गाडी थांबली आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक उंच, काळाभोर माणूस उतरला. पांढरा शर्ट, गळ्यात पाळकाची पट्टी, हातात पत्र्याची ट्रंक. तो हसत आमच्याकडंच आला. सरांनी त्याच्या खांद्यावरून मागं डब्यात पाहिलं आणि विचारलं, "व्हेअर इज साहेब?"

"मीच तो," ते म्हणाले. "केनियातल्या मंडळ्यांनी मला तुमच्याकडं पाठवलंय."

बँडवाल्यांनी गाणं अर्ध्यात सोडलं. सरांचा हात हारासकट खाली आला. पप्पांनी तो हार त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पाहुण्यांच्या गळ्यात घातला. पाहुण्यांना तेवढं पुरलं. त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. आमच्यातल्या दोघांनी नंतर हात धोतराला पुसलेले मी पाहिले, आणि पाहुण्यांनीही पाहिले.

मी त्यांना 'ते' म्हणते. तेव्हा गावात त्यांना 'ते' म्हणणारे पप्पा आणि मी एवढेच होतो. बाकी सगळे 'तो' म्हणत, किंवा 'हबशी'.

परतताना भाड्याच्या जीपमध्ये सर सारखे बोलत होते. "आता आफ्रिकेनं आपल्याला येशू शिकवायचा? बोर्डानं आपली थट्टा केली थट्टा." पाहुण्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, पावसाबद्दल बोलतायत. जानेवारी संपत आला होता आणि आभाळात ढगाचं नाव नव्हतं. त्यांनी वाकून बाहेर आभाळाकडं पाहिलं.

बंगल्याची किल्ली हरवल्याचं सरांनी आल्याबरोबर जाहीर केलं. त्यांच्या कोटाच्या खिशात ती वाजत होती. पाहुण्यांना बंगल्यामागं, मडमसाहेबांचा खानसामा राहायचा ती खोली दिली. पत्रे तापायचे, आणि भिंतीला अजून फोडणीचा वास होता. त्यांनी स्वतः खोली झाडली, ट्रंक कोपऱ्यात ठेवली आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर येऊन बसले. कुणी भेटायला येईल म्हणून वाट पाहत होते. शाळेची पोरं आली, लांबून 'हबशी, हबशी' ओरडली आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मला मराठी शिकवा. आणि एक विनंती आहे. लोक माझ्याबद्दल जे बोलतील ते जसंच्या तसं सांगत जा. पावसाबद्दल नको."

शाळा सुटल्यावर शाळेच्या व्हरांड्यात मी त्यांना शिकवू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी हबशी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला, उच्चार बरोबर आहे का विचारलं आणि पुढचा शब्द मागितला.

आपण का आलो तेही त्यांनी त्या व्हरांड्यातच सांगितलं. त्यांचे वडील एका गोऱ्याच्या मळ्यात चहा खुडायचे. ते स्वतः आधी मास्तर, मग पाळक झाले. "गोऱ्यांनी आम्हाला देव दिला," ते म्हणाले, "आणि त्याबरोबर हात पसरायला शिकवलं. आमच्या मंडळ्या मोठ्या झाल्या, पण हात पसरलेलाच राहिला. मी गावोगाव फिरलो. म्हटलं, आता आपणही कुणालातरी पाठवू. लोक हसले. आपली देवळं गळतायत आणि हा दुसऱ्याच्या देशाची काळजी करतोय! पुरुष उठून गेले. बायका बसून राहिल्या. कुणी मका आणला, कुणी वाल. एका म्हातारीनं कोंबडी आणली, त्या कोंबडीनं उपदेश चालू असतानाच वेदीखाली अंडं घातलं." हे सांगताना ते एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "त्या मक्यावर आणि कोंबड्यांवर मी आलोय. मंडळ्यांनी ठरवलंय, आधी एकानं जायचं, वर्षभर राहायचं, परत येऊन सांगायचं. तिथं आपली कुणाला गरज आहे का, एवढंच. असेल तर आणखी येतील."

"कोण येतील?"

"नर्सेस आहेत. शेतीचं शिकलेले आहेत. दोन तरुण जोडपी तर आत्ताच सामान बांधून बसलीत."

मी सरांना हे सांगितलं. माझा समज होता की नर्सेस म्हटल्यावर तरी त्यांचा चेहरा बदलेल. सर म्हणाले, "असली आणखी येणार? मग तर गोरा डॉक्टर कायमचा विसरा."

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. आमच्या मंडळीत एकच चांदीचा प्याला होता, तो रांगेतून फिरे. पुरुष एका बाजूला चटईवर, बायका दुसऱ्या बाजूला. पाहुणे म्हणून पप्पांनी त्यांना पहिल्या रांगेच्या सुरुवातीला बसवलं. त्यांनी प्याल्याला ओठ लावले आणि शेजारी बसलेल्या सरांना दिला. सरांनी प्याला वर उचलला, कपाळाजवळ नेला आणि पुढं दिला. ओठ लावले नाहीत. त्यांच्या पुढच्यानं तसंच केलं. त्याच्या पुढच्यानंही. सगळी रांग कपाळाला लावत गेली, जणू काही तीच रीत होती. प्याला बायकांकडं आला. मी आईशेजारी बसले होते. तिनं डोळे मिटले, प्याला तिरका केला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी प्याले. पाहुण्यांच्या हातचे भाजलेले शेंगदाणे मी रोजच खात होते, मला त्यात विशेष वाटलं नाही. माझ्यानंतर परत कुणी ओठ लावले नाहीत.

उरलेलं पाळकानं प्यायचं असतं. पप्पा जवळजवळ भरलेला प्याला हातात घेऊन वेदीसमोर उभे राहिले. सगळ्या मंडळीकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि तो आमच्या डोळ्यांदेखत एकट्यानं रिकामा केला. शेवटच्या घोटाला त्यांना ठसका लागला. पाहुणे मान खाली घालून बसले होते.

त्या दुपारी आमच्या घरी भांडण झालं. पप्पा आईला म्हणाले, "तू? तुझ्या आईच्या ओंजळीत पाटलाची बाई वरून पाणी ओतायची, हे तूच सांगतेस ना पोरीला? उडालेला थेंब अंगावर पडू नये म्हणून लुगडं सावरायची, हे कोण सांगत होतं?"

"म्हणूनच," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "आम्ही त्यातून वर आलो. केवढ्या कष्टानं आलो ते तुम्हाला माहीत आहे. आज पाटलीण माझ्या घरी चहा पिते. मी आता खाली कुणाच्या पंगतीला बसणार नाही. तुम्हाला बसायचं तर बसा."

पप्पा जेवले नाहीत. आई जेवली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोलानं गेली. गावापासून जवळच सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. ख्रिस्ती, मराठे, मुसलमान, सगळी घरं खडीवर जाऊ लागली. पाहुणेही गेले. मुकादमानं सांगितलं, परक्या देशाच्या माणसाला हजेरीवर घेता येत नाही. ते म्हणाले, हजेरी नको, हातोडा द्या. त्यांनी फोडलेली खडी ते म्हाताऱ्या बायांच्या ढिगात टाकायचे.

खडीवरची माणसं काही संत नव्हती. त्यांनी पाहुण्यांच्या केसांना हात लावून पाहिला, रंग निघतो का म्हणून मनगटावर थुंकी चोळून पाहिली. पण ते कुठल्या जातीचे हे त्यांना ठरवता येईना, त्यामुळं कुठं बसवायचं हेही ठरेना, आणि मग ते सगळ्यांमध्येच बसू लागले. त्यांची मराठी तिथं झाली. माझं व्याकरण राहिलं बाजूला. एक दिवस मी शाळेच्या मुलांना वाटायची सरकारी सुकडी घेऊन तिकडून चालले होते, तेव्हा एक म्हातारी त्यांना विचारत होती, "बाबा, तुमच्याकडं पानी न्हाई म्हनून हिकडं आलास व्हय?"

"आमच्याकडं लई पानी हाय," ते म्हणाले.

"मग येडा हायेस तू," म्हातारी म्हणाली. सगळे हसले, तेही हसले.

त्याच सुमाराला युगांडातून आपल्याकडच्या माणसांना हाकलून दिल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. युगांडा आणि केनिया हे दोन वेगळे देश आहेत हे आमच्या गावाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले. बाजारच्या दिवशी कुणीतरी पाहुण्यांच्या पाठीवर शेणाचा गोळा मारला. ते तसेच मिशनच्या आवारात आले. सर देवळाच्या ओट्यावर बसले होते. "सांग त्याला," सर मला म्हणाले, "आता तुलाही कळलं असेल. तुमच्याकडं आपल्या माणसांना हाकलतात तेव्हा आपल्यालाही असंच वाटतं." मी पाहुण्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना विचारा, शर्ट धुवायला पाणी कुठं मिळेल."

वर्ष संपत आलं होतं. पाहुणे आपणहून जाणारच होते. पण मधे आमच्या पंचांनी बोर्डाला पुन्हा डॉक्टर मागितला आणि उत्तर आलं की तुमच्याकडं एक मिशनरी आहे, आधी त्याचा उपयोग करा. पाहुण्यांनी वर्ष पुरं केलं, चांगला अहवाल दिला, तर त्यांच्या मागून तसलेच येत राहतील, हे सरांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यांना नुसतं जाऊ देणं पुरेसं नव्हतं. त्यांना बदनाम करूनच घालवायला हवं होतं.

एका रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा बसली. पप्पांना बाहेर थांबायला सांगितलं, 'विषय तुमच्या घराचा आहे' म्हणून. मला आत बोलावलं. पंच बाकावर, पाहुणे समोर खुर्चीवर आणि मी उभी.

सर मला म्हणाले, "मंडळीच्या कानावर काही गोष्टी आल्यात. शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात, एका लग्न ठरलेल्या मुलीशी या माणसाचं वागणं ठीक नव्हतं. हे त्याला इंग्रजीत सांग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की ती मुलगी मी.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"तुझं मत विचारलं नाही. तू भाषांतराला आलीस."

"खोटं आहे ते मी कसं सांगू?"

दुसरे एक पंच होते, माझ्या वडिलांचे मित्र, मला अंगाखांद्यावर खेळवलेले. ते म्हणाले, "पोरी, तुला कुणी दोष देत नाही. तू नुसती हो म्हण. भोळेपणानं फसलीस एवढंच लिहू. तुझं लग्नही मोडणार नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

त्यांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "मग लोक म्हणतील की तुझीही मर्जी होती."

मी पाहुण्यांकडं वळले आणि इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते मराठीत बोलले, खडीवरच्या मराठीत. "बाई, तुमी नका सांगू. मला समदं समजलं." मग ते पंचांकडं वळले. "आमच्याकडं गोरा साहेब मजुराला हाकलायचा, तवा आधी चोर म्हनायचा. माज्या बापाला म्हनला हुता. तुमी नवं काय न्हाई केलं."

तेवढ्यात बाकाच्या टोकाचा एकजण खुदकन हसला, ते मराठीत बोलले म्हणून, आणि मग त्याला पाहून आणखी दोघे हसले. मला त्या सभेतलं सगळ्यात जास्त काय बोचलं असेल तर ते हसणं.

ठराव झाला. मी हो म्हणाले नव्हते, तरी 'मंडळीच्या लेकीबाळींच्या रक्षणासाठी' असे शब्द त्यात घातले. पप्पांनी सही करायला नकार दिला. ते पाळक होते, पण त्यांच्या सहीवाचून काही अडलं नाही.

पाहुणे गेले त्या दिवशी स्टेशनवर पप्पा आणि मी होतो. आईनं वाटेसाठी मिलोच्या भाकरी दिल्या होत्या, फडक्यात नाही, रद्दी पेपरात. फडकं परत कोण आणून देणार, असं ती म्हणाली. पप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि माफी मागायला लागले. त्यांनी मागू दिली नाही.

"मंडळ्यांना जाऊन काय सांगाल?" मी विचारलं.

"काय झालं ते सांगीन."

"मग इकडं कुणी येणार नाही."

"कदाचित नाही येणार," ते म्हणाले. "पण खोटं सांगून मी त्या पोरांना या स्टेशनवर उतरवू?"

गाडीत चढताना त्यांनी मला माझ्या लग्नाबद्दल विचारलं. मी म्हणाले, ठीक आहे सगळं. खरं तर त्याच आठवड्यात नगरहून निरोप आला होता. मुलाच्या आईनं कळवलं होतं की आम्ही साधी माणसं आहोत, आम्हाला अशी भानगड झेपणार नाही. शाळेनं मला त्या उन्हाळ्यानंतर परत घेतलं नाही. मुलं विहिरीवर मला 'हबशीण' म्हणू लागली. ती माझीच विद्यार्थी होती, त्यांना बाराखडी मी शिकवली होती. मी दक्षिणेकडं एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग होस्टेलवर वॉर्डनची नोकरी धरली आणि गाव सोडलं. लग्न केलं नाही. पुढं विचारणाऱ्यांना मी निरनिराळी कारणं सांगितली, ती सगळी खोटी होती.

गोरा डॉक्टर आला नाही. बोर्डानं नंतर कळवलं की यापुढं देशी मंडळ्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, माणसं पाठवणं बंद. बंगल्याच्या किल्लीचा कुणाला काही उपयोग उरला नाही. वाळवीनं आधी दारं खाल्ली, मग वासे.

काही वर्षांनी आमच्या होस्टेलवर केनियाची एक मुलगी शिकायला आली. मी तिला आमच्याकडं आलेल्या त्या पाहुण्यांबद्दल विचारलं. तिच्याच भागातले ते, तिनं त्यांना लहानपणी ऐकलं होतं. ती म्हणाली, "ते परत आले तेव्हा मंडळ्यांनी त्यांना खूप बोल लावले. आमचा मका खाऊन आलास आणि हात हलवत आलास, म्हणाले. वर्षभर त्यांना उपदेश करायला उभं केलं नाही. बायका तेवढ्या त्यांच्या घरी येत राहिल्या. मग ते बायकोला घेऊन उत्तरेकडच्या वाळवंटात गेले, उंटवाल्यांच्यात. तिथं त्यांचं एक मूल तापानं गेलं. तरी ते राहिले. ते राहिले म्हणून आणखी गेले. आता आमच्या मंडळ्या कुठंकुठं माणसं पाठवतात. सुदानला पाठवतात, काँगोला पाठवतात."

"आणि भारतात?"

ती संकोचली. मोठ्या माणसाला काय सांगावं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "पाठवायची ठिकाणं ठरतात तेव्हा भारताचं नाव निघतं," ती म्हणाली. "पण मग म्हाताऱ्या बायका म्हणतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करू. आणि पुढचं नाव घेतात."

त्या सुट्टीत मी गावी गेले. पप्पा निवृत्त झाले होते, अर्धांगामुळं खाटेवर पडून असत. मी त्यांना सगळं सांगितलं, वाळवंट, उंटवाले, सुदान, काँगो. त्यांचा चेहरा उजळला. अर्ध्या तोंडानं त्यांनी विचारलं, "इकडं? इकडं कोण येणार?"

"इकडं कुणी नाही," मी म्हणाले.

आई चुलीपाशी होती. तिला वाटलं मी तिच्याशी बोलतेय. "बरंच झालं," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

पप्पांनी डोळे मिटले. मी त्यांच्या उशाशी बसून राहिले, आणि चहा झाला तेव्हा उठून तो प्याले.